दिवाळखोर कंपनीच्या ताब्यातली मालमत्ता नेमकी कोणाची?

एखादी कंपनी दिवाळखोरीत गेल्याची बातमी आली की चर्चा बहुधा कर्जाच्या आकड्यावर होते: बँकांचे किती हजार कोटी थकले आणि त्यातले किती परत येणार. पण ज्यांच्या वस्तू किंवा पैसे त्या कंपनीत अडकलेले असतात, त्यांच्यासाठी त्याआधी एक प्रश्न येतो आणि पुष्कळदा सगळा निकाल त्याच्यावरच ठरतो. कंपनीच्या आवारात, गोदामात, बँक खात्यात किंवा ताळेबंदात दिसणारी ही वस्तू किंवा ही रक्कम मुळात कंपनीच्या मालकीची आहे का? ती कंपनीची असेल तर तुम्ही केवळ धनको ठरता आणि इतर धनकोंबरोबर रांगेत उभे राहता. ती तुमची असेल तर रांगेचा प्रश्न उरत नाही, कारण दुसऱ्याच्या वस्तूतून कंपनीने आपले कर्ज फेडावे असे कोणताही कायदा म्हणत नाही. धनकोच्या हाती अनेकदा रुपयामागे काही पैसेच येतात, मालकाला मात्र त्याची वस्तू पूर्ण परत मिळू शकते. लहान उद्योजक, घर घेणारे आणि कामगार यांना हा फरक वेळेवर कोणी समजावून सांगत नाही, म्हणून तो इथे जरा सविस्तर मांडतो.

भारतात या प्रश्नांची उत्तरे नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ या कायद्यात आहेत. व्यवहारात सगळे तिला आयबीसी म्हणतात. राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी, कंपनीविरुद्धचा अर्ज ज्या दिवशी दाखल करून घेते तो दिवस या कायद्यात कळीचा आहे. त्या दिवसापासून संचालक मंडळाचे अधिकार थांबतात, कारभार आधी हंगामी आणि नंतर नियमित रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे आरपीकडे जातो आणि कलम १४ प्रमाणे मोरॅटोरियम लागू होतो. मोरॅटोरियम असेपर्यंत कंपनीवर दावे चालत नाहीत, गहाण मालमत्ता विकून वसुली करता येत नाही आणि कंपनीच्या वहिवाटीत असलेली जागा किंवा वस्तू तिच्या मालकालाही परत घेता येत नाही. हा शेवटचा मुद्दा पुष्कळांना अन्यायाचा वाटतो. त्याकडे पुढे येऊ.

आरपीने काय ताब्यात घ्यावे हे कलम १८ सांगते: ज्या मालमत्तेवर कंपनीची मालकी आहे ती, मग ती परदेशात असो वा दुसऱ्या कोणाच्या हातात. मात्र त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात काही गोष्टी वगळल्या आहेत. विश्वस्त म्हणून सांभाळलेली किंवा एखाद्या कराराने कंपनीकडे सोपवलेली तिसऱ्याची मालमत्ता यात येत नाही. उपकंपनीची मालमत्ताही येत नाही. उपकंपनीचे शेअर मूळ कंपनीचे असतात, पण उपकंपनीची जमीन किंवा यंत्रे मूळ कंपनीची होत नाहीत. कंपनी अवसायनात, म्हणजे लिक्विडेशनमध्ये गेली तर कलम ३६ हीच वगळणी पुन्हा करते आणि कामगार-कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि ग्रॅच्युइटी निधीही विक्रीच्या मालमत्तेबाहेर ठेवते.

भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या लहान कारखान्याचे उदाहरण घेऊ. मोठ्या वाहन कंपनीच्या मालकीचे डाय आणि मोल्ड तिथे पडलेले असतात, कच्चा मालही जॉबवर्कसाठी तिनेच पाठवलेला असतो. हा लहान कारखाना उद्या दिवाळखोरीत गेला तर डाय, मोल्ड आणि तो कच्चा माल त्याचा होत नाही, कारण तो फक्त काम करून देण्यासाठी सोपवलेला होता. पण हे कागदावर दाखवता आले पाहिजे. जॉबवर्कचे चलन, डायवर कोरलेला मालमत्ता क्रमांक, वर्षअखेरीस दोन्ही बाजूंनी सही केलेली साठ्याची यादी आणि स्वतःच्या हिशेबात स्थिर मालमत्ता म्हणून असलेली नोंद यावर सगळे अवलंबून असते. आरपी हा त्या धंद्यातला माणूस नसतो आणि कारखान्याच्या शेडमध्ये उभे असलेले यंत्र कोणाचे हे त्याला पाहून कळत नाही. कागद नसतील तर तो ते कंपनीचेच धरून चालतो, आणि त्याच्या जागेवर असता तर तुम्हीही तसेच धरले असते.

आता उलट बाजू. तुम्ही कंपनीला उधारीवर माल पुरवला, बिल लावले, माल पोचला आणि पैसे यायच्या आत कंपनी दिवाळखोरीत गेली. माल अजून तिच्या गोदामात तुमच्याच खोक्यांत पडलेला आहे. तो परत मागता येईल असे जवळजवळ प्रत्येक पुरवठादाराला वाटते, आणि इथेच बहुतेकांचा अपेक्षाभंग होतो. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार मालकी कधी बदलते हे दोन्ही पक्षांच्या हेतूवर ठरते, आणि नेहमीच्या उधारीच्या विक्रीत माल सुपूर्द होताच ती खरेदीदाराकडे जाते. पैसे न मिळाल्याने ती मागे येत नाही. तुमच्याकडे उरते ते फक्त येणे, आणि तुम्ही व्यावसायिक धनको होता. माल अजून वाटेत, वाहतूकदाराकडे असेल तर तो थांबवण्याचा हक्क त्याच कायद्याने न मिळालेल्या किमतीच्या विक्रेत्याला दिला आहे, पण माल खरेदीदाराच्या हातात पडला की तो हक्क संपतो. आगाऊ रक्कम देऊन यंत्र मागवलेल्या ग्राहकाचीही हीच गत होते. यंत्र बनून त्याच्या नावे झालेले नसेल तर तो यंत्राचा मालक नाही, फक्त आगाऊ रकमेचा धनको आहे. असा आगाऊ पैसे देणाराही व्यावसायिक धनको म्हणून दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये हिट्रो एनर्जीच्या प्रकरणात स्पष्ट केले.

मुंबईतले दोन निकाल

मालकी आणि ताबा यांतला फरक मुंबईतल्या दोन प्रकरणांत जितका स्पष्ट झाला तितका दुसरीकडे क्वचितच झाला असेल. हे दोन्ही निकाल सर्वोच्च न्यायालयाने तीन-चार महिन्यांच्या अंतराने दिले, दोन्हींत जमीन सार्वजनिक संस्थेची होती, आणि वरवर पाहता निकाल एकमेकांविरुद्ध वाटतात.

पहिले प्रकरण अंधेरीच्या मरोळमधील सेव्हनहिल्स रुग्णालयाचे. जमीन मुंबई महानगरपालिकेची होती. २००५ मध्ये झालेल्या करारानुसार सेव्हनहिल्स हेल्थकेअर कंपनीने तिथे रुग्णालय उभारायचे आणि तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने चालवायचे असे ठरले होते, पण प्रत्यक्ष भाडेपट्टा कधी झालाच नाही. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली, दुसऱ्या समूहाने ती घेण्याची योजना मांडली आणि कर्जदात्यांनी ती मान्यही केली. त्या योजनेत महापालिकेची जमीनही गुंतलेली होती. पालिकेची मालमत्ता हस्तांतरित करायची तर मुंबई महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे महापालिकेची पूर्वमंजुरी लागते, आणि ती घेतलेली नव्हती. १५ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने योजनेला दिलेली मंजुरी रद्द केली. आयबीसीचे कलम २३८ इतर कायद्यांवर मात करते हे खरे असले तरी त्या कलमाच्या आधाराने महापालिकेचा स्वतःच्या जमिनीवरचा हक्क आणि तिची सार्वजनिक जबाबदारी पुसता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

दुसरे प्रकरण गोरेगावच्या सिद्धार्थनगरमधील पत्राचाळीचे. जमीन म्हाडाची. ६७२ कुटुंबांच्या पुनर्विकासासाठी २००८ मध्ये म्हाडा, रहिवाशांची संस्था आणि गुरू आशिष कन्स्ट्रक्शन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. प्रकल्प रखडला, जुलै २०१७ मध्ये विकासक कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये, मोरॅटोरियम चालू असताना, म्हाडाने करार संपवण्याची नोटीस दिली. जमीन म्हाडाचीच आहे, मग विकासकाला बाहेर काढण्यात गैर काय, अशी म्हाडाची बाजू होती, आणि एनसीएलटी व अपिलीय न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलएटी, या दोघांनीही ती उचलून धरली होती. १९ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फिरवली. कलम १४ मध्ये मालमत्ता कंपनीच्या मालकीची असण्याची अट नाही, ती तिच्या वहिवाटीत असली की पुरे, आणि विकासकाला त्या जमिनीवर काम करण्याचा ताबा मिळालेला होता, असे न्यायालयाने सांगितले. म्हणून मोरॅटोरियम असेपर्यंत म्हाडाला ती जमीन परत घेता येणार नव्हती. पुढे तो पुनर्विकास म्हाडानेच हाती घेतला, पण तोवर आपल्या घरांची वाट पाहणाऱ्या रहिवाशांची आणखी वर्षे गेली. या निकालाची किंमत सर्वात जास्त त्यांनी मोजली, हे विसरता येत नाही.

दोन्ही निकाल एकत्र वाचले तर गोंधळ उरत नाही. मोरॅटोरियम ताबा गोठवतो, मालकी बदलत नाही. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत मालकाला थांबावे लागते, पण त्याच्या संमतीशिवाय त्याची मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणारी योजना टिकत नाही. म्हणजे मालकाची अडचण हक्काची नसून वेळेची असते. पण वेळ जाता जाता वस्तूची किंमत किती उरते, हा प्रश्न राहतोच.

तो सर्वात बोचऱ्या रीतीने पुढे आला गो फर्स्टच्या विमानांमुळे. मुंबईच्या या विमान कंपनीने मे २०२३ च्या सुरुवातीला स्वतःच दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि उड्डाणे थांबवली. १० मे रोजी एनसीएलटीने तो दाखल करून घेतला. तिची ५४ विमाने भाड्याने घेतलेली होती, म्हणजे मालक दुसरेच होते, आणि त्यांतल्या कित्येकांनी त्याआधीच भाडेकरार संपवल्याचे कळवले होते. तरीही विमाने कंपनीच्या ताब्यात असल्याने मोरॅटोरियम लागू झाला आणि महिनोन्‌महिने ती जमिनीवर उभी राहिली. उभे विमान देखभालीशिवाय झपाट्याने निकामी होते, त्याचे सुटे भाग काढले जात असल्याच्या तक्रारी मालकांनी न्यायालयापुढे मांडल्या. शेवटी ३ ऑक्टोबर २०२३ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून विमाने आणि विमानांच्या इंजिनांना मोरॅटोरियममधून वगळले आणि २६ एप्रिल २०२४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने विमानांची नोंदणी रद्द करून ती मालकांना नेऊ देण्याचा आदेश दिला. जवळजवळ वर्ष गेले. परदेशी मालकांच्या पाठीशी आंतरराष्ट्रीय करार होता म्हणून सरकार हलले. भाड्याने क्रेन किंवा जनरेटर दिलेल्या आपल्याकडच्या लहान मालकाच्या पाठीशी तसे काहीच नसते. त्याला मोरॅटोरियमच्या काळातले भाडे तरी मिळाले पाहिजे, आणि आरपी ती वस्तू वापरत असेल तर ते भाडे प्रक्रियेचा खर्च म्हणून आधी द्यावे लागते. ते मागायला संकोच करू नये.

आधी झालेली देणी

मालमत्तेइतकाच वाद कंपनीने दिवाळखोरीच्या तोंडावर केलेल्या देण्यांवरून होतो. बुडू घातलेल्या कंपनीचे चालक आपल्या जवळच्यांना आधी पैसे देऊन टाकतात किंवा त्यांच्या नावे जमीन गहाण टाकतात, आणि बाकीचे हात हलवत राहतात. हे होऊ नये म्हणून कलम ४३ आहे. आधीच्या देण्यापोटी एखाद्या धनकोला, जामीनदाराला किंवा हमीदाराला असा फायदा दिला असेल की अवसायनाच्या वाटपात त्याला मिळाले असते त्यापेक्षा जास्त मिळाले, तर तो प्राधान्याचा व्यवहार ठरतो आणि एनसीएलटी तो उलटवू शकते. संबंधित पक्षाच्या बाबतीत दोन वर्षे आणि इतरांच्या बाबतीत एक वर्ष मागे जाऊन पाहिले जाते.

या कलमाचा सर्वात महत्त्वाचा निकाल जेपी इन्फ्राटेकचा आहे. ही कंपनी यमुना एक्सप्रेसवे बांधून चालवणारी आणि नोएडा परिसरातल्या वीस हजारांहून अधिक घरांची विकासक. तिची मूळ कंपनी जयप्रकाश असोसिएट्स. मूळ कंपनीने बँकांकडून घेतलेल्या कर्जासाठी उपकंपनीने आपली ८५८ एकर जमीन गहाण दिली. त्यातून उपकंपनीला स्वतःला काही मिळाले नव्हते. ऑगस्ट २०१७ मध्ये उपकंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा प्रश्न उभा राहिला की ही जमीन घर घेणाऱ्यांच्या आणि उपकंपनीच्या बँकांच्या कामी येणार की मूळ कंपनीच्या बँकांच्या. एनसीएलटीने २०१८ मध्ये ७५८ एकरांवरची गहाणखते रद्द केली, अपिलीय न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये ती पुन्हा जिवंत केली आणि २६ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा रद्द केली.

न्यायालयाचा तर्क साध्या भाषेत असा होता. मूळ कंपनी ही उपकंपनीची धनकोही होती आणि तिच्या कर्जांची हमीदारही. उपकंपनीच्या जमिनीच्या आधाराने मूळ कंपनीचे ओझे हलके झाले, म्हणजे फायदा आडमार्गाने संबंधित पक्षालाच मिळाला. कागदावर गहाण बँकांच्या नावे असले तरी लाभ कोणाला झाला हे पाहायचे असते. वाईट हेतू सिद्ध करण्याची गरज नाही, व्यवहाराचा परिणाम पुरेसा आहे. दुसऱ्याच्या कर्जासाठी स्वतःची जमीन गहाण टाकणे हा कोणत्याही कंपनीचा नेहमीचा धंदा नसतो, म्हणून ‘धंद्याच्या नेहमीच्या ओघातला व्यवहार’ या अपवादाचाही आधार मिळाला नाही. शिवाय मूळ कंपनीच्या बँका या उपकंपनीच्या वित्तीय धनको नाहीत, कारण त्यांनी उपकंपनीला कर्जच दिले नव्हते, हेही ठरले.

त्या अपवादाबद्दल पुरवठादारांनी मात्र घाबरून जाऊ नये. तुम्ही नेहमीच्या दराने माल दिला आणि नेहमीच्या मुदतीत तुमचे बिल चुकते झाले, तर ते कंपनी बुडण्याआधी महिन्याभरापूर्वी झाले असले तरी ते उलटवले जात नाही. शंका येते ती वर्षभर थकलेले बिल अचानक एकरकमी चुकते झाले की, किंवा थकबाकीपोटी यंत्र लिहून दिले की. असे व्यवहार करताना त्या वेळचा पत्रव्यवहार जपून ठेवावा. कमी किमतीत मालमत्ता विकण्याबद्दल कलम ४५ आहे, धनकोंना फसवण्यासाठी केलेल्या व्यवहारांबद्दल कलम ४९ आणि एकूण फसवणुकीने धंदा चालवण्याबद्दल कलम ६६. पहिल्यात मागे जाण्याची मुदत तशीच आहे, पुढच्या दोन्हींत नाही.

हे पैसे परत आले तर ते कोणाचे, हा वादही छोटा नाही. मुंबईच्या डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात फसव्या व्यवहारांची रक्कम सुमारे ४५,००० कोटी रुपये नोंदली गेली होती, आणि कलम ६६ खाली होणारी वसुली कर्जदात्यांनी अवघा एक रुपया मूल्य धरून कंपनी घेणाऱ्या समूहाला देऊन टाकली होती. १ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्जदात्यांच्या समितीचा तो व्यावसायिक निर्णय कायम ठेवला. कायद्याच्या चौकटीत तो बसत असेल. पण ज्या लोकांनी आयुष्याची बचत डीएचएफएलच्या मुदत ठेवींत ठेवली होती त्यांच्या बाजूने पाहिले तर तो पचत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

७५० कोटी कोणाचे?

जेपीच्याच प्रकरणात एका रकमेवरून जो वाद झाला तो या सगळ्या विषयाचे सार दाखवतो. घर घेणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतल्यावर न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये मूळ कंपनीला २,००० कोटी रुपये जमा करायला सांगितले. प्रत्यक्षात ७५० कोटी जमा झाले. परतावा मागणाऱ्या ग्राहकांना ही रक्कम लगेच वाटावी अशी मागणी झाली. बहुसंख्य ग्राहकांना परतावा नको होता, घरच हवे होते. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने वाटप नाकारले, कारण थोड्यांना पैसे दिले तर बाकीच्या ग्राहकांवर आणि धनकोंवर अन्याय झाला असता. रक्कम एनसीएलटीकडे वर्ग झाली.

मग एनबीसीसी या सरकारी कंपनीने जेपी इन्फ्राटेक घेण्याची योजना मांडली आणि त्यात या ७५० कोटींचा आणि त्यावरच्या व्याजाचा वापर गृहीत धरला. घर घेणाऱ्यांना वाटत होते की ही रक्कम आपल्यासाठी जमा झाली, म्हणून ती उपकंपनीच्या कामी आली पाहिजे. मूळ कंपनीचे म्हणणे होते की पैसे आमचे, आम्ही न्यायालयाच्या आदेशाने ठेवले होते. २४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ७५० कोटी आणि त्यावरचे व्याज ही मूळ कंपनीची मालमत्ता आहे आणि योजनेत ती गृहीत धरता येणार नाही. मात्र दोन्ही कंपन्यांच्या हिशेबांचा मेळ घालून, घर घेणाऱ्यांचे जे पैसे मूळ कंपनीकडे गेले होते त्यांपैकी काही उपकंपनीला येणे निघाले तर तेवढे याच रकमेतून द्यावे, असे सांगितले.

हजारो कुटुंबांना हा निकाल कठोर वाटला आणि त्यांचे दुःख खरे होते. तरी मला तो योग्य वाटतो. ग्राहकांच्या हितासाठी जमा केलेली रक्कम म्हणजे ग्राहकांच्या किंवा त्यांच्या कंपनीच्या मालकीची रक्कम नव्हे. ती रक्कम कोणत्या हेतूने जमा झाली आणि तिच्यावर हक्क कोणाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहानुभूतीने दिले तर उद्या दुसऱ्याच कोणाच्या धनकोंचे पैसे कापले जातील. जून २०२४ मध्ये मूळ कंपनीही दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तेव्हा तिचेही धनको याच नियमाच्या भरवशावर उभे होते. घर घेणाऱ्यांना खरा आधार वेगळीकडून मिळाला होता: २०१८ च्या दुरुस्तीने ते वित्तीय धनको ठरले, कर्जदात्यांच्या समितीत त्यांना मत मिळाले, आणि जेपीच्या ग्राहकांच्या मतांनीच पुढे सुरक्षा समूहाची योजना मार्गी लागून मार्च २०२३ मध्ये तिला एनसीएलटीची मंजुरी मिळाली. २०२४ पासून आणखी एक नियम आला आहे. ज्या घराचा ताबा ग्राहकाला दिलेला आहे ते घर कंपनी अवसायनात गेली तरी विक्रीच्या मालमत्तेत धरले जात नाही.

वळती, पगार आणि निधी

‘आमचे तुमच्याकडे इतके, तुमचे आमच्याकडे इतके, फरक काय तो घ्या’ हा व्यापारातला रोजचा व्यवहार आहे. दिवाळखोरीत तो चालत नाही. एअरटेलने एअरसेल या पुढे दिवाळखोरीत गेलेल्या दूरसंचार कंपनीकडून स्पेक्ट्रम घेतले होते आणि त्याची किंमत द्यायची होती. दुसऱ्या बाजूला एअरसेलकडून एअरटेलला नेटवर्क वापराचे आणि इतर शुल्क येणे होते. एअरटेलने ते वळते करून उरलेली रक्कम दिली. ३ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे नामंजूर केले. कंपनी सावरण्याची प्रक्रिया सुरू असताना अशी वळती केली तर एका धनकोला मागच्या दाराने पूर्ण पैसे मिळतात आणि बाकीच्यांचा वाटा कमी होतो. अपवाद दोनच: प्रक्रिया सुरू होण्याआधीच करारात ठरलेली आणि अमलात आलेली वळती, किंवा दोन्ही देणी एकाच व्यवहारात इतकी गुंतलेली असणे की एक सोडून दुसरे मागणे अन्यायाचे ठरावे. अवसायनात मात्र परस्पर येणी-देणी वळती करण्याची मुभा नियमांत आहे. बँकांनाही मोरॅटोरियमनंतर कंपनीच्या खात्यात आलेले पैसे जुन्या कर्जात वळते करून घेता येत नाहीत. याउलट बँकेने तिसऱ्याला दिलेली कामगिरीची हमी मोरॅटोरियमने अडत नाही, ती वटवता येते, कारण पैसे बँकेचे जातात.

कामगारांच्या बाबतीत दोन प्रकारची रक्कम काळजीपूर्वक वेगळी ठेवावी लागते. थकलेला पगार हे येणे आहे आणि अवसायनात ते कलम ५३ च्या क्रमाने मिळते: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचे चोवीस महिन्यांचे वेतन आणि आपले तारण सोडून दिलेले सुरक्षित कर्जदाते बरोबरीने, मग इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे वेतन. व्यावसायिक पुरवठादार त्याच्या बरेच खाली येतात. पण भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी या रांगेत नाहीतच, त्या कामगारांच्या म्हणून बाजूला काढायच्या असतात. जेट एअरवेजच्या कर्मचाऱ्यांनी हाच मुद्दा लढवला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्यात ढवळाढवळ केली नाही. दुर्दैवाने कंपनी घेणाऱ्या समूहाने देणी वेळेत पाळली नाहीत आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाला अवसायनाचा आदेश द्यावा लागला. प्रक्रिया चालू असतानाच्या पगाराबद्दलही एक अट आहे, जी एबीजी शिपयार्डच्या कामगारांना २०२२ मध्ये कळली: कंपनी खरोखर चालू होती आणि कामगाराने त्या काळात प्रत्यक्ष काम केले हे दाखवता आले तरच तो पगार प्रक्रियेचा खर्च म्हणून सर्वात आधी मिळतो.

हक्क कसा मागावा

प्रक्रिया सुरू झाल्यावर हंगामी आरपी एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेच्या वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतो. महाराष्ट्रात नोंदलेल्या कंपनीसाठी ती बहुधा मराठी वर्तमानपत्रात येते आणि तिथे दावा देण्याची तारीख लिहिलेली असते. ती साधारण चौदा दिवसांची असते. उशिरा आलेले दावेही काही मुदतीपर्यंत स्वीकारले जातात, पण त्यावर विसंबू नये. पुरवठादार, वित्तीय धनको, घर घेणारे आणि कामगार यांचे अर्जाचे नमुने वेगळे आहेत. मंजूर योजनेत ज्या दाव्याला जागा नाही तो कायमचा संपतो, अगदी सरकारचा करही, हे एप्रिल २०२१ च्या घनश्याम मिश्रा निकालाने पक्के झाले आहे. म्हणून ‘नंतर कोर्टात बघू’ असे म्हणणाऱ्याचे सगळेच जाऊ शकते.

तुमचा दावा पैशांचा नसून वस्तूचा असेल तर तो वेगळा मांडा. धनकोचा अर्ज भरून त्यात वस्तूची किंमत येणे म्हणून लिहिली तर आपणच स्वतःला धनको म्हणवून घेतो. आरपीला स्वतंत्र पत्र द्या, मालकीचे कागद जोडा, वस्तूची पाहणी आणि यादी करण्याची मागणी करा, आणि त्याने नाकारले तर कलम ६० च्या उपकलम ५ खाली एनसीएलटीकडे अर्ज करा. दिवाळखोरीशी संबंध नसलेला शुद्ध मालकीहक्काचा किंवा सार्वजनिक कायद्याचा वाद मात्र तिथे सुटत नाही. कर्नाटकातल्या एका खाणपट्ट्याच्या प्रकरणात डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे सांगितले आहे. आणि पुरवठादार म्हणून तुम्हीच कंपनीला दिवाळखोरीत नेऊ पाहत असाल तर लक्षात घ्या की २०२० पासून किमान एक कोटी रुपये थकलेले असावे लागतात, आधी दहा दिवसांची मागणी नोटीस द्यावी लागते, आणि नोटिशीआधीपासून मालाच्या दर्जावरून किंवा बिलावरून खराखुरा वाद असेल तर अर्ज फेटाळला जातो. मोबिलॉक्सच्या २०१७ च्या निकालापासून हे पक्के आहे. तिथे दिवाणी न्यायालय किंवा लवादच खरी जागा आहे.

एनसीएलटीचा आदेश विरुद्ध गेला तर अपिलासाठी तीस दिवस असतात आणि सबळ कारण असेल तर आणखी पंधरा, त्यापलीकडे एक दिवसही नाही. ही मुदत आदेश उघड न्यायालयात सुनावला गेला त्या दिवसापासून मोजली जाते, संकेतस्थळावर तो दिसला त्या दिवसापासून नव्हे. एसकेएस इस्पातच्या प्रकरणात अपीलकर्ता आदेशाच्या मोफत प्रतीची वाट पाहत राहिला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे अपील मुदतबाह्य ठरवले. प्रमाणित प्रतीसाठी मुदतीत अर्ज केला तर ती मिळायला लागलेले दिवस वगळले जातात, म्हणून आदेश सुनावला जाईल त्याच दिवशी तो अर्ज नोंदणी कार्यालयात द्यावा.